अंधारखोलीतल्या बांगड्या

डॉक्टरीणबाईंनी खोलीतला दिवा अगदी मंद केला आणि चार वर्षांच्या अनुश्रीला म्हटलं, "जाओ बेटा, मम्मी को ढूँढो."

पोरगी सरळ चालत आली नि रुचिताच्या मांडीवर चढून बसली. रुचिताचा जीव भांड्यात पडला.

"झालं समाधान?" बाहेर येताच नीलेश म्हणाला. "तुले तर धडधाकट पोट्टीतही बिमारी दिसते. ते तुझं बी.एस्सी.चं ज्ञान आता डब्यात भरून ठेव."

नवऱ्याचा टोमणा इतका गोड तिला कधी लागला नव्हता. अनू तिन्हीसांजेला चौकटीला धडकते, ताटातला घास चाचपते, हे पाहून पाहून रुचिताची झोप उडाली होती. आता बाईच म्हणाल्या होत्या, ठीक दिसतंय.

घरी जाताना ते तेलीबांध्याच्या तळ्याकाठी थांबले. नीलेश भुट्टे आणायला गेला. रुचिता बाकावर टेकली, अनू कठड्याजवळ खेळत होती. अंधारून आलं होतं. तेवढ्यात काठावरचे सगळे दिवे गेले.

अनू होती तिथेच थबकली. दोन्ही हात पुढे.

"मम्मी, बजाओ ना."

"काय वाजवू, बाळा?"

"चूड़ी. डॉक्टर आंटी के यहाँ बजाई थी, वैसे."

रुचिताचा हात मांडीवर तसाच राहिला. काचेच्या बांगड्या. अंधार पडला की त्या वाजवून लेकीला बोलवायचं, हा मायलेकींचा जुना खेळ. सवयीनं हात हलला असणार तिथेही; तिला कळलंसुद्धा नव्हतं. लेकीला आई दिसली नव्हतीच, ऐकू आली होती. परीक्षा पोरीची आणि कॉपी पुरवली आईनं.

दुसऱ्याच दिवशी ती नीलेशला नि अनूला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे परत गेली. सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत.

"उतार दीजिए," त्या एवढंच म्हणाल्या. "और इस बार एक शब्द नहीं."

बांगड्या पर्समध्ये गेल्या. दिवा मंद झाला. अनू थोडं चालून उभी राहिली. मग वळली ती भलतीकडेच, कपाटाकडे.

"मम्मी, बजाओ ना."

रुचितानं ओढणीचा बोळा तोंडात धरला. चार पावलांवर आपलं लेकरू आपल्याला शोधतंय आणि आपण दगडासारखं बसायचं.

"मम्मी, बजाओ ना… मम्मी!"

अनू भिंत चाचपत रडायला लागली तेव्हा कुठे दिवा मोठा झाला.

मग डोळ्यांच्या पडद्याचे फोटो झाले, आणखी तपासण्या झाल्या. बाई हिंदीतून सावकाश समजावत होत्या. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया नुसते दाटीवाटीनं भरलेले असतात, कारण या पेशींना शक्ती फार लागते.

पेशीचं वीजघर. कॉलेजच्या पेपरात रुचितानं हेच लिहिलं होतं, आकृतीसकट.

"आणि गंमत बघा," बाई म्हणाल्या, पण चेहऱ्यावर गंमत नव्हती, "या पेशी उजेडापेक्षा अंधारातच जास्त राबतात. उजेड पडला की उलट जरा दम घेतात. आता वीजघरंच आजारी असली तर…"

"म्हणजे तसंच आहे?" नीलेशनं विचारलं.

"मला शंका आहे. रक्त तपासल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही. पण तसं निघालं, तर बरं करेल असं औषध आज माझ्याजवळ नाही." थांबून त्या रुचिताकडे वळल्या. "मायटोकॉन्ड्रिया बाळाला आईकडूनच येतात. तुमच्या माहेरी कुणाला असा त्रास?"

"पण मले तर सगळं दिसते!"

"दिसेल. खराब किती नि चांगले किती, प्रत्येकाच्या वाट्याला वेगळे येतात."

नीलेशनं अनूला उचलून कडेवर घेतलं.

घरी येताच रुचितानं गोंदियाला आईला, भीमाबाईंना फोन लावला.

"आई, लहानपणी तू आमच्या पायातले पैंजण काहून काढू देत नव्हती?"

"आता हे काय मधातच?"

"सांग ना."

"रेल्वे क्वार्टरात सांज झाली का अंधार गुडूप! पोट्ट्या सापडाले नको का मले?" भीमाबाई हसल्या. "लाइट असला तरी मले मेलं दिसे कुठं. तुझे बाबा म्हणत, भित्री आहे, संध्याकाळी उंबरा ओलांडत नाही. काहून विचारून राहिली?"

काय सांगणार? तू मला दिलंस, मी तिला दिलं. दोघींनी न बघता, प्रेमानंच दिलं?

"काही नाही, आई. असंच."

फोन ठेवून तिनं पर्स उघडली आणि बांगड्या एकेक करून हातात चढवल्या. अंगणात उतरत्या उन्हात अनू एकटीच लंगडी घालत होती, ठिक्कर बरोबर चौकोनात टाकत होती. तिच्या सावलीकडे रुचिता बघत राहिली. सावली लांब होत चालली होती.