आधी पहिलं पान, मग चंपा

"आबाजी, इथं तं चंपा मरते!"

मेघा दारातूनच ओरडली. तिच्या हातात 'तिसरी पाळी'चा पिवळा पडलेला अंक होता. अंगणात बाजेवर बसून रूपराव थूल चहात टोस बुडवत होते. टोस मोडून कपात पडला, तो काढायचंही त्यांना सुचलं नाही.

"कोन म्हंते?"

"छापलंच आहे. दवाखान्यात, पहाटे, मिलचा भोंगा वाजता वाजता जीव सोडते. अन् तुम्ही तं लहानपणापासून सांगत आले का चंपा बरी होते, फाटकावर येऊन जॉबरची फिर्याद सांगते. आत्यानं पोरीचं नाव चंपा काऊन ठेवलं मग?"

रूपरावांनी कप खाली ठेवला. चोर पन्नास वर्षांनी सापडला होता, आणि पकडणारी निघाली सख्खी नात.

मेघाचा अभ्यासच असल्या गोष्टींचा. नागपूरला ती इंग्रजीत पीएच.डी. करत होती, राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्लंडमधल्या कामगारांच्या वर्तमानपत्रांवर. तिने मागेच आजोबांना समजावून सांगितलं होतं. त्या पत्रांच्या पहिल्या पानावर मजुराला मताचा हक्क द्या, कामाचे तास कमी करा, असा मजकूर असे. आणि आत उलट्या काळजाचे सरदार, फसवलेल्या पोरी, तळघरं, खून, अशी चटकदार कादंबरी हप्त्याहप्त्याने चाले. वाचता न येणारे पुष्कळ होते, तेव्हा गुत्त्यात एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. शहाणी माणसं त्या कादंबऱ्यांना नाकं मुरडायची, पण त्यांच्यावाचून अंक खपत नसे.

"म्हंजे गोऱ्यायचे मजूरबी आपल्यासारखेच लबाड," रूपराव तेव्हा खूश होऊन म्हणाले होते. "हक्कापायी नाई, पोरीचं काय झालं त्याच्यापायी अंक घेत."

कारण हिंगणघाटात त्यांनी स्वतः तेच केलं होतं. तरुणपणी ते मिलमध्ये साचाखात्यात मागावर होते. मागांच्या गडगडाटात बोलून बोलून आवाज असा खणखणीत झालेला, की घरात हळू बोलले तरी शेजारी ओ देई. 'तिसरी पाळी' हे कामगारांचं साप्ताहिक शनिवारी निघे. पाळी सुटली की फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली माणसं जमत आणि रूपराव अंक वाचून दाखवत. बायकाही असत, रीळखात्यातल्या. सगळ्यांचा जीव शेवटच्या पानावरच्या 'चंपाची फिर्याद' या कादंबरीत, जॉबरने म्हणजे मुकादमाने छळलेल्या गिरणीतल्या पोरीच्या गोष्टीत, अडकलेला. रूपरावांचा नियम मात्र कडक होता: आधी पहिलं पान, मग चंपा. बोनस, बदली कामगारांचे हाल, मालकाशी झालेली बोलणी, हे सगळं ऐकल्याशिवाय चंपाचं नाव निघायचं नाही. कुणी चुळबुळ केली की ते अंकाची घडी घालून खिशात ठेवत. मग सगळे गप्प.

दुसरा नियम कुणी सांगितला नव्हता, तरी सगळ्यांना ठाऊक होता. रूपराव वाचतो ते छापलेलंच. कामगार त्यांच्या तोंडून ऐकून संप करत आणि त्यांच्याच तोंडून ऐकून कामावर परत जात. बाकी त्यांच्या आयुष्यात मिरवण्यासारखं काय होतं? मिल बंद पडली, मग कुठे राखणदारी केली, कुठे सरकीच्या गोदामात हमाली. पण त्यांनी जे वाचलं ते खरं वाचलं, एवढी पुंजी त्यांनी जपली होती.

एक शनिवार सोडून.

त्या शनिवारी पहिलं पान वाचता वाचता त्यांची नजर मागच्या पानावर गेली आणि चंपा मेलेली दिसली. समोर रीळखात्यातली यशोदाबाई बसली होती. तिची पौर्णिमा, आठ-नऊ वर्षांची पोर, चंपाच्याच दुखण्याने, छातीच्या, दवाखान्यात पडलेली. दर शनिवारी यशोदाबाई चंपाचा खोकला कमी झाला का ते ऐकून जाई आणि लेकीला सांगे. त्या दिवशी तिच्या पिशवीतून पोरीच्या चपला डोकावत होत्या. डॉक्टरांनी घरी सोडलं तर पोर अनवाणी नको, म्हणून आणलेल्या.

रूपरावांनी पान उलटलं. छापलेल्या ओळींवर डोळे ठेवले आणि वाचलं, "चंपाने डोळे उघडले. खिडकीतून उजेड येत होता. ती म्हणाली, माझ्या चपला कुठे आहेत? भोंगा झाला." पुढचं त्यांना आपोआप सुचत गेलं. आवाज जराही कापला नाही, याचंच त्यांना पुढे कित्येक वर्षं नवल वाटत राहिलं.

पौर्णिमा त्याच उन्हाळ्यात गेली. 'तिसरी पाळी'चा तो अंक शेवटचाच ठरला, संपादकांची पैशाची ओढाताण संपेना. उरलेले अंक समुद्रपूरला त्यांच्या घराच्या माळ्यावर पडून होते, ते आता मेघाने आणले.

आणि येत्या रविवारी विहाराच्या सभागृहात ती जुन्या ऐकणाऱ्यांना जमवणार होती. तोच शेवटचा अंक, तशाच पद्धतीने, आधी पहिलं पान आणि मग चंपा. सगळं फोनवर रेकॉर्ड करायचं.

"तो शेवटचा भाग राहू दे मेघा," रूपराव म्हणाले. "दुसरा कोनताबी वाच."

"यशोदाआजीनंच मागितला आहे तो. अन् आबाजी, मी वगळलं तं माह्या अभ्यासाले अर्थ काय राह्यला? छापलं आहे ते छापलंच आहे." मग तिचा आवाज खाली आला. "तुम्ही आधी जाऊन सांगा ना तिले."

हे पोरीचं बरोबर होतं. संध्याकाळी रूपराव काठी टेकत दोन गल्ल्या ओलांडून गेले. काचबिंदूने डोळे अधू झालेले. माणसं धूसर दिसत, अक्षरं मुळीच नाहीत. यशोदाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"या भाऊ, बसा. रविवारची पांढरी साडी धुऊन ठेवली मी." आनंद त्यांच्या आवाजात मावत नव्हता. "मेघाले म्हनलं, शेवटचाच भाग पायजे. पौर्णिमानं तो मले किती डाव सांगायले लावलता. रातच्याले खोकल्यानं जागी झाली का म्हने, माय, चंपा चपला मांगते ते सांग. मले वाचता येत असतं तं अंकातून वाचून दाखवलं असतं. आता प्रौढ शिक्षणानं येते थोडं, तं आयकाले पोरगी नाई."

रूपरावांनी मूठभर हिरवे दाणे खाल्ले. तुरीला यंदा बार चांगला दिसतो, असं काहीतरी बोलले आणि घरी आले. एवढा खणखणीत आवाज, पण ऐन वेळी त्याने दगा दिला.

रविवारी सभागृहात मोजकीच माणसं जमली. रीळखात्यातल्या विमलाबाई नातसुनेचा हात धरून आल्या, अल्लीपूरहून डोमाजी एस.टी.ने आले. वंदना झाली. मेघाने पहिलं पान वाचायला घेतलं. बोनसचा मजकूर लांबला तसे डोमाजी म्हणाले, "पोरी, बोनस तं भेटला नाईच. चंपाचं वाच." सगळे हसले.

"आधी पहिलं पान," मेघा म्हणाली आणि आजोबांकडे पाहिलं. ते हसत नव्हते.

पहिलं पान संपलं. मेघा अंक उलटणार, तोच रूपराव उठले. "पान मले दे."

"आबाजी, तुम्हाले दिसत नाही…"

"दे म्हनलं ना."

अंक हातात घेऊन ते उभे राहिले. तेव्हाचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं, डोळ्यांची गरजच नव्हती. पण पांढऱ्या साडीचा तो धूसर ठिपका समोर पाहिल्यावर एकदा जमलेलं खोटं दुसऱ्यांदा जमेना. आणि खरं वाचावं तर डोळ्यांना अक्षर दिसत नव्हतं.

"आना भाऊ इकडं," यशोदाबाई म्हणाल्या. "मलेबी येते वाचता."

रूपरावांनी अंक पुढे केला. दुसरं काय करणार? यशोदाबाईंनी चष्मा लावला, पान मांडीवर पसरलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बोट हळूहळू सरकत खाली गेलं, आवाज मात्र नाही. "मोठ्यानं वाच ना यशोदा," विमलाबाई कुरकुरल्या. बोट पानाच्या तळाला पोचलं आणि तिथेच थांबलं.

रूपरावांनी मान खाली घातली. आता ती विचारेल, आणि आपण हो म्हणू, एवढंच त्यांच्या मनात होतं.

यशोदाबाईंनी बोट उचलून पुन्हा वर, पहिल्या ओळीवर ठेवलं.

"चंपाने… डोळे उघडले," त्यांनी वाचलं. शाळकरी पोर वाचतं तसं, अडखळत. "खिडकीतून… उजेड येत होता. ती म्हणाली, माझ्या चपला… कुठे आहेत? भोंगा झाला."

मेघा फोन धरून त्यांच्या मागेच उभी होती. तिला पान दिसत होतं. बोट एकेका छापील ओळीखालून जात होतं, एकही ओळ न गाळता, आणि ओठांतून दुसरंच निघत होतं. तिने रेकॉर्डिंग तसंच चालू ठेवलं. यशोदाबाईंनी फाटकापर्यंत, फिर्यादीपर्यंत सगळं वाचलं. डोमाजी डोळे पुसत म्हणाले, "अस्संच होतं. अक्षर न् अक्षर."

यशोदाबाईंनी अंकाची घडी घातली, रूपराव घालत तशी, चार पदरी. "छापलं तेच वाचलं भाऊ," त्या म्हणाल्या. "पौर्णिमानं आयकलं तेच."

रूपरावांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

चहा झाला, माणसं उठली. विहाराच्या पायरीशी रूपराव काठीने आपल्या चपला चाचपत होते. सापडेनात. यशोदाबाई खाली वाकल्या, गर्दीतून त्यांचा जोड शोधून काढला आणि सरळ करून त्यांच्या पायांपुढे ठेवला.