चार मजली कोट

ताईंच्या मते जगात धड शिवता येणारं माणूस एकच होतं, आणि ते रोज सकाळी त्यांना आरशात भेटायचं. बाकीचे सगळे नुसते हात धुवून कापडाच्या मागे लागलेले. नव्या कोटाची मागची चीर उघडू नये म्हणून तिच्यावर पांढऱ्या दोऱ्याची फुली घालतात आणि कोट हवाली करताना ती उसवतात. रस्त्यात कुणाच्या पाठीवर ती तशीच राहिलेली दिसली, की ताई त्या अनोळखी माणसाला थांबवायच्या, पर्समधल्या छोट्या कात्रीने फुली कापायच्या आणि वर ऐकवायच्या, "तुमच्या शिंप्याला सांगा, डोळे तपासून घे म्हणावं."

त्यांच्याच हाताखाली शिकलेला धाकटा भाऊ सिनेमावाल्यांकडे कपडे शिवायला गेला, तेव्हा त्याच्या डोक्यात हवा गेल्याचं ताईंनी गल्लीत जाहीर केलं. नायकाच्या मारामारीसाठी एकसारखे सहा काळे कोट हवे होते. वेळ कमी होता, म्हणून हातशिलाई शेवटी ताईंकडेच आली, आणि तोंडाचा पट्टा चालवत त्यांनी ती चार दिवसांत उरकली. पुढे धाकट्याला दुसरा सिनेमा काही मिळाला नाही. "हातात कसब नसलं की असंच व्हायचं," असं शेजारची इस्त्रीवाली आणि समोरचा घड्याळजी यांना शंभरदा सांगून झालं.

सिनेमा लागला, तरी धाकटा बहिणीला न्यायचं नाव काढेना. कधी तिकिटं नाहीत, कधी पाय दुखतोय, कधी सिनेमाच भिकार आहे. "बहिणीची लाज वाटते आता त्याला," ताई इस्त्रीवालीला म्हणाल्या, आणि रविवारी दुपारी स्वतःच दोन तिकिटं काढून त्याला ओढत घेऊन गेल्या.

"घरी टीव्हीवर बघितला असता गं," धाकटा दारात पुटपुटला.

गिऱ्हाइकाने आणलेल्या स्वस्त कापडाकडे बघावं तसं ताईंनी पडद्याकडे बघितलं. चार मजले उंच पडदा! कशाला, तर एका हिंदी सिनेमासाठी. आवाजाचं तर विचारूच नका. नायकाने कपात चमचा फिरवला तरी खुर्ची हादरत होती. नायिकेचा एकेक अश्रू बादलीएवढा, आणि तिचा हुंदका ताईंच्या किडक्या दाढेपर्यंत पोचला. "बहिऱ्यांसाठी काढलाय का रे?" गाण्यात दीडशे माणसं नाचली. त्यातल्या चाळीस जणींच्या घागऱ्यांची किनार वाकडी होती, त्या ताईंनी मोजल्या. लोक मात्र शिट्ट्या मारत होते. अक्कल तिकिटासोबत दारातच फाडून देत असावेत.

मध्यंतरानंतर काळा कोट आला. ताई सरसावून बसल्या. खांदे चांगले बसले होते, हे त्यांनी मान्य केलं, पण मनातल्या मनात. नायकाने सात जणांना लोळवलं आणि तो वळायला लागला.

"ताई, माझी किल्ली पडली वाटतं," धाकटा घाईघाईने म्हणाला. "तुझ्या पायाशी बघतेस का जरा?"

"तुझे हात मोडलेत का?" ताईंनी पडद्यावरची नजर हटवली नाही.

नायक पाठमोरा झाला आणि पेटलेल्या गोदामाकडे सावकाश चालू लागला. सिनेमातले ढोल थेट छातीत वाजायला लागले. आणि त्या चार मजली काळ्या पाठीवर, चिरेच्या टोकाशी, माणसाच्या उंचीची पांढरी फुली झळकली.

"बघ, बघ! घालवलीस ना अब्रू!" ताई खिदळल्या, आणि तोंड उघडं ठेवूनच थांबल्या. फुलीचा डावा पाय उजव्यापेक्षा लांब होता आणि टोकाला दुहेरी गाठ होती. अशी फुली धाकट्याला जन्मात जमली नव्हती. अशी फुली घालणारे हात या क्षणी त्यांच्या स्वतःच्या मांडीवर होते. कोट सहा होते, फुल्या त्यांनी पाचच उसवल्या होत्या.

सभोवार शिट्ट्या चालू होत्या. फुली कुणालाच दिसली नव्हती. ताईंना मात्र त्यानंतर दुसरं काही दिसलं नाही.

बाहेर आल्यावर जिन्याशी त्यांनी विचारलं, "कधी कळलं तुला?"

"शूटिंग झाल्यावर. तोवर गोदाम जाळून झालं होतं. ते दृश्य परत कसं घेणार?"

"म्हणून दुसरं काम दिलं नाही त्यांनी?"

धाकट्याने मान डोलावली.

"मग माझं नाव का नाही सांगितलंस?"

"कुणी खरं मानलं असतं? तू फुली विसरलीस, हे मलाच पटायला आठवडा लागला."

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पर्समधली कात्री त्यांनी उगाचच चाचपली. मग तरातरा तिकीट खिडकीशी गेल्या आणि म्हणाल्या, "उद्याची तीन द्या. ह्याच मोठ्या पडद्याची, मधली रांग."

"आता कुणाला दाखवतेस?" धाकट्याने घाबरून विचारलं.

"इस्त्रीवालीला आणि घड्याळजीला. त्यांच्याचजवळ तुझ्या नावानं खडे फोडलेत मी. फुली आली की सांगणार, ही माझी म्हणून."

"त्या आवाजात काय ऐकू येणार त्यांना?"

"ओरडून सांगेन," ताई म्हणाल्या.