सतरंजीवरचा फितूर

मित्रांनो, जूचंद्र गावात कृष्णाबाईंच्या ओटीवर निळ्या-लाल पट्ट्यांची जुनी सतरंजी गुंडाळून ठेवलेली दिसते ना, ती मी. मला आणले होते लग्नकार्यासाठी. पण माझे आयुष्य गेले धरण्यांत. नळाच्या पाण्यासाठी, एसटीच्या थांब्यासाठी गावच्या बायका माझ्यावर उन्हात बसल्या. "बूड टेकायला जागा असली की मानूस उठून जात नाय," असे म्हणत कृष्णाबाई मला थोपटायच्या. पुढे नळ आला, एसटीही आली आणि माझी रवानगी माळ्यावर, उंदरांच्या शेजारी झाली.

गेल्या वर्षी खाडीकडे जाणाऱ्या नाल्यात कोणीतरी मातीचा भराव टाकू लागले. पावसात बावीस घरांत पाणी शिरले. मला पुन्हा खाली उतरवले.

"गुपचूप जाऊन डंपर अडवायचे," शेजारचा जयराम म्हणाला. पण आम्ही ज्या दिवशी जावे, नेमका त्याच दिवशी एकही डंपर येत नसे. तीनदा असेच झाले.

"आपल्यातलाच कोनतरी फितूर हाय," जयराम म्हणाला. सगळ्यांच्या नजरा त्याच्या पुतण्याकडे, प्रितेशकडे वळल्या. प्रितेश डंपर चालवायचा. त्याचा मोबाइल वाजला की ओटीवरचे बोलणे थांबू लागले. खरे सांगते, तो बसला की मीही आखडून जाई. चौथ्या बैठकीला तो आलाच नाही.

"बघा, पलाला!" जयराम म्हणाला.

तेव्हा कृष्णाबाई उठल्या. "पोलीस चौकीवर मीच सांगत आले. दर वेळी, लिहून. तिथूनच डंपरवाल्यांना कळत असंल."

"काकी, तू?" जयरामने विचारले.

"आपन चोरी करायला जातो काय? हक्काचं मागनं हाय, ते सांगूनच मागायचं. पन तुमाला बोलले नाय, ती माझी चूक. पोरावर नाहक आळ आला."

जयरामच पुटपुटला, "सांगितल्यावर डंपर येत नाय ना? मग रोज पत्र देऊ."

एकोणीस दिवस पत्र दिले, एकोणीस दिवस धरणे धरले. डंपर फिरकले नाहीत. विसाव्या दिवशी अधिकारी आले आणि नाल्याचे तोंड मोकळे झाले.

धरण्याच्या पहिल्याच दिवशी कृष्णाबाई स्वतः प्रितेशच्या दारी गेल्या होत्या. तो आला, रोज आला. पण माझ्या काठावर उभाच राहिला. जयरामने सरकून जागा केली, तरी बसला नाही.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, उसवले तर टाका घाला. मी अजून पुष्कळ वर्षे पुरेन. मात्र आपल्या माणसावर आळ घेण्याआधी त्याला एकदा विचारा. माझ्यावर एका माणसाची जागा अजून रिकामी आहे.