चूक घड्याळाची नव्हती

मित्रांनो, माझी काच पिवळी पडली आहे, पाठीवर ओरखडे आहेत. मी एक जुने, चावीचे स्टॉपवॉच. बटण दाबले की माझा काटा पळतो, पुन्हा दाबले की थांबतो. मला एवढेच येते. बोलता येत नाही.

एका क्रीडाशिक्षकांनी निवृत्त होताना मला आपल्या सर्वांत वेगवान विद्यार्थ्याला, जुन्नर तालुक्यातल्या मढ गावच्या भिमाजींना दिले. तेव्हापासून रोज सकाळी भिमाजी धरणाच्या पाण्यात आणि मी काठावर, त्यांच्या पत्नी ठकूबाईंच्या मुठीत. ठकूबाई मला चावी देत, "व्हा पुढं!" म्हणत आणि बटण दाबत. समोरच्या बाभळीपर्यंत जाऊन परत यायला बारा मिनिटे. ते काठाला लागेपर्यंत बटण दाबायचे नाही, हा आमचा नेम. शर्यतींच्या किती ढाली आल्या! पेपरातल्या एका फोटोत मीही आहे, ठकूबाईंच्या गळ्यात, मंगळसूत्राशेजारी.

अडुसष्टाव्या वर्षीही भिमाजी साठीपुढच्यांच्या शर्यतीत पहिले येत. गेल्या हिवाळ्यात मात्र बाराची तेरा मिनिटे झाली, मग पंधरा. बाहेर आल्यावर ते छाती चोळत बसत.

"जळजळतंय. रातची मिसळ बाधली."

"रोजच मिसळ खाता व्हय?" ठकूबाई म्हणत.

"तुझं घड्याळ म्हातारं झालंय. उगाच पळतंय."

मित्रांनो, तेव्हा मला वाचा असती तर!

शेवटी दोघांनी मला एसटीने जुन्नरला, घड्याळे दुरुस्त करणाऱ्या दिलावरभाईंकडे नेले. त्यांनी माझे झाकण उघडले, चहा होईपर्यंत मला दुसऱ्या घड्याळाशेजारी चालवून पाहिले. तोवर ठकूबाईंनी वाढलेली वेळ आणि छातीची जळजळ दोन्ही सांगितले.

"भाऊ, यात खोट न्हाई. आता तुमी सोताला दाखवा. माझ्या भावाला असंच जळजळत व्हतं, हार्ट अटॅक निघाला. कार्डिओग्राम काढा. फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासत्यात, ते बी करा."

भिमाजी हसले. "धरण कापणाऱ्याला कसला हार्ट अटॅक, राव? ते बसून खाणाऱ्यांचं काम."

"यंदाच्या शर्यतीआधी डॉक्टरकडं जाऊन येऊ," ठकूबाई म्हणाल्या.

"आन् डॉक्टर म्हनला, पवू नका, तर? शर्यत व्हऊ दे, मग जाऊ."

घरी आल्यावर त्यांनी शर्यतीच्या अर्जावर 'प्रकृती ठणठणीत' असे लिहिले आणि सही केली. मी शेजारीच पडून होतो.

शर्यतीच्या सकाळी, आमच्याच धरणावर, ठकूबाईंनी बटण दाबले. बाभळीपर्यंत भिमाजींची पांढरी टोपी दिसत होती. बारा मिनिटे झाली. पंधरा झाली. टोपी दिसेना. होडी धावली, लोक ओरडू लागले. ठकूबाई अंगठा बटणावर ठेवून पाण्याकडे बघत राहिल्या.

होडीतून भिमाजींना आणले, तेव्हा श्वास नव्हता. दवाखान्यात नेले, पण फार उशीर झाला होता. ठकूबाईंनी बटण दाबलेच नाही. त्यांच्या मुठीत मी पळतच होतो, चावी संपेपर्यंत.

आता मी कपाटात असतो, ढालींच्या मागे. मला कोणी चावी देत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी आजोबा-आजी पोहत असतील, पळत असतील, बक्षिसे आणत असतील. त्यांची वेळ वाढू लागली, ते छाती चोळू लागले, तर घड्याळाला दोष देऊ नका. ढालींकडे बघून निश्चिंत राहू नका. जुन्नरची ती एसटीची फेरी माझ्यासाठी झाली. ती त्यांच्यासाठी व्हायला हवी होती.

माझी चावी संपली तर पुन्हा देता येते.