पाळण्यावरची नोकरी

टिचकीबाईंचं खरं नाव कारखान्यात कुणाला आठवतच नसे. चिनीमातीच्या त्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं एकच काम केलं. भट्टीतून आलेला कप उचलायचा, लाकडी काडीने टिचकी मारायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर पुढे, बद्द वाजला तर मोडीत. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी सवय काही सुटेना. दुकानात बरणीला टिचकी, दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलाला टिचकी. त्यात स्वभाव असा चौकस, की झाकण दिसलं की उचलून बघितल्याशिवाय बाईंना चैन पडायची नाही.

अशा बाईंनी शनिवारी सकाळी भली मोठी पिशवी खांद्याला अडकवली आणि लेकीला घरी परत आणायला बस पकडली. लेकीला घरात ठकू म्हणत. वर्षापूर्वी ती दुसऱ्या शहरात नोकरीला गेली, तेव्हा फोनवर म्हणाली होती, "आई, पाळण्यावर काम मिळालंय, मोठ्या बागेत." त्या दिवशी फोन नुसता खरखरत होता. बाईंनी 'पाळणा' तेवढा ऐकला आणि गल्लीभर सांगून आल्या, की आमची ठकू पाळणाघरात लागली, बागेत येणाऱ्यांची तान्ही पोरं सांभाळते. आता गल्लीतल्याच पाळणाघराच्या बाईंना मदतीला माणूस हवं होतं. टिचकीबाईंनी शब्दच देऊन टाकला, "सोमवारपासून आमची ठकू येईल." लोकांची पोरं तिथे सांभाळायची ती इथे सांभाळ, दोन वेळा घरचं जेव. यात नाही म्हणण्यासारखं आहे काय?

पिशवीत चोवीस टोपरी होती, बाईंनी स्वतः विणलेली. चोवीसच का, तर ठकूनेच सांगितलं होतं, "चोवीस आहेत गं आई. बाकीच्या गुणी आहेत, पण अकरावी भारी किरकिरी. तेल लावलं की तेवढ्यापुरती गप्प बसते."

"मग रोज लाव हो. हयगय करू नकोस," बाईंनी बजावलं होतं.

बागेच्या फाटकाशी पोचल्या तर शुकशुकाट. अर्ध्या बागेला पत्रे ठोकलेले, आतून ठाकठोक ऐकू येतेय. तिकिटाच्या खिडकीत एक माणूस जांभया देत बसला होता.

"पाळणा कुठे आहे हो?" बाईंनी विचारलं.

"पाळणा बंद आहे बाई. दुरुस्ती चाललीय."

"बंद? मग ती चोवीस कुठे ठेवलीत?"

माणसाने चमकून पाहिलं. बाईला आकडा पाठ आहे म्हणजे माहितीतली दिसते. "सगळ्या उतरवल्या. तिकडे ताडपत्रीखाली रचून ठेवल्यात."

"ताडपत्रीखाली?" बाईंनी खिडकीतून मान आत घातली. "अहो, रचून? आणि ती अकरावी?"

"ती तर पार गंजलीय. तिला बहुतेक भंगारातच काढणार."

बाईंनी खिडकीच्या कडेला धरलं. कुठेतरी काहीतरी चुकतंय एवढं त्यांना कळलं, पण काय ते कळेना. ते कळेपर्यंत गप्प बसणाऱ्यातल्या त्या नव्हेतच. तिकीट घेऊन तरातरा आत शिरल्या.

आणि आत शिरल्यावर, खरं सांगायचं तर, पाच मिनिटं त्या लेकीलाही विसरल्या. काय काय होतं तिथे! फिरत्या चक्रातले लाकडी घोडे आडवे पाडून गवतावर ओळीने ठेवलेले, एकाच्या पोटात चक्क हातभर खिडकी. बाईंनी वाकून आत पाहिलं, आत पोकळ. टिचकी मारली, ठीक वाजला. होड्यांच्या तळ्यातलं पाणी सोडून दिलेलं. लोक ज्या पाण्याला अथांग समजून किंचाळायचे, ते गुडघाभरच होतं म्हणायचं! तळाशी चष्मे, चपला, एक कवळीसुद्धा. भुताच्या घराबाहेर सांगाडा खुर्चीत बसवून एक रंगारी त्याच्या फासळ्यांना पांढरा हात देत होता.

"याला दर वर्षी रंगवता?" बाईंनी विचारलं.

"तर काय! लोक घाबरले की याच्याच अंगावर पडतात. रंग टिकतोय कुठला!"

हे बाईंना मनापासून पटलं. मग त्यांनी विचारलं, "इथे पाळणाघर कुठंय?"

"पाळणाघर इथे नाही बाई. पाळणा आहे, तो बघा." रंगाऱ्याने कुंचला वर केला.

पत्र्यांच्या मागून एक प्रचंड लोखंडी चक्र आभाळात गेलं होतं. रिकामं, नुसत्या काड्या. बाईंनी मान वर केली आणि ती तशीच राहिली. आकाशपाळणा. चोवीस खुर्च्या. अकरावी किरकिरी, तिला तेल. ताडपत्री. गंज. वर्षभराचं सगळं बोलणं डोक्यात भराभरा सुलटं झालं. मेली एकदाही खोटं बोलली नव्हती!

पत्र्याला एक भोक होतं. बाईंनी डोळा लावला. चक्राच्या पार टोकाशी, तिसऱ्या-चौथ्या मजल्याइतक्या उंचीवर, पट्ट्याने बांधलेली एक पोरगी लोंबत होती. हातात पाना, डोक्याला पिवळं हेल्मेट. ती एक पाय हलवत होती. ठकू लहानपणापासून कामात गढली की एक पाय हलवायची.

"अगं बाई!" बाई ओरडल्या. पिशवी खाली पडली.

ओरडा ऐकून पत्र्यातलं दार उघडून फोरमन बाहेर आला. जाडजूड, कपाळाला आठ्या. "इथे उभं राहायला मनाई आहे."

"माझी मुलगी वर टांगलीय आणि मला मनाई सांगता?"

फोरमनने वर पाहिलं, मग बाईंकडे. आठ्या सैल झाल्या. त्याने एक हेल्मेट आणून बाईंच्या डोक्यावर ठेवलं, पिशवीसकट त्यांना आत घेतलं, उलट्या खोक्यावर बसवलं आणि वर हाक दिली.

ठकू उतरली ती गालाला ग्रीस घेऊनच. आईच्या उघड्या पिशवीतून टोपरी जमिनीवर सांडली होती. पिवळी, निळी, गुलाबी. तिने एक उचललं आणि तिला रडूच फुटलं.

"आई, पहिल्याच दिवशी सांगणार होते गं. पण तू इतकी खूश झालीस. मग गल्लीला सांगितलंस. मग अजूनच अवघड झालं."

"आणि मी रोज पोरांचं विचारत होते!"

"मी पण खुर्च्यांचंच सांगत होते."

बाईंना हसू येत होतं आणि रागही. हसू गिळून त्यांनी राग पुढे केला. "ते काही नाही. सामान बांध. मी गल्लीतल्या पाळणाघरात शब्द दिलाय. वर लोंबकळायला का तुला वाढवली? एक बोल्ट सैल राहिला तर? तू पडलीस तर? लोक पडले तर?"

"सैल राहू नये म्हणूनच मी आहे," ठकू म्हणाली. ती मागे सरली नाही. "मला हे काम आवडतं आई. मी नाही येणार."

फोरमनने खाकरून घड्याळ दाखवलं. "पायाचे बोल्ट राहिलेत. आज संपवायचेत. तू ते कर, आईंना बसू दे."

पायाचे बोल्ट जमिनीलगतच होते, मुठीएवढे. ठकू गुडघे टेकून बसली. एका हातात छोटा हातोडा, दुसऱ्यात खडू. बोल्टवर टक्. कान. टण्ण! पांढरी रेघ. पुढचा. टण्ण! रेघ.

बाईंचा राग जिथल्या तिथे राहिला आणि कान टवकारले गेले. हे तर त्यांचंच काम होतं. घट्ट तो खणखणीत, सैल तो बद्द. पोरीला हे शिकवलं कुणी? त्यांनी तर नाही. त्यांनी तिला कारखान्यात कधी नेलंसुद्धा नव्हतं. बाई खोक्यासकट पुढे सरकल्या. दहा झाले, वीस झाले. बाईंचे ओठ आपोआप मोजत होते.

पुढचा बोल्ट वाजला. टण्ण.

बाईंचे ओठ मोजायचे थांबले. तो टण्ण नव्हता. वरून टण्ण होता, पण खाली, शेवटी, अगदी केसाएवढा बद्द होता. नवख्याला तो ऐकूच येत नाही. बाईंनी स्वतः पहिल्या वर्षी असे कितीतरी कप पुढे पाठवले होते, आणि कपातून फार तर चहा गळतो. ठकूचा खडूचा हात पुढे आला. बाईंनी तोंड उघडलं आणि पदराचा बोळा करून स्वतःच्याच तोंडावर दाबला. खडू टेकला की ओरडायचं, त्यांनी ठरवलं. टेकला की लगेच. आणि मग हिला दंडाला धरून घरी न्यायचं, मग ही रडो नाहीतर ओरडो.

खडू बोल्टपासून बोटभर अंतरावर थांबला.

ठकूने मान तिरकी केली. हातोडा परत उचलला. टक्. डोळे मिटले. पुन्हा टक्. या वेळी तिने बोल्टवर दुसऱ्या हाताचं बोटही टेकवलं होतं. ही युक्ती बाईंना एकतीस वर्षांत सुचली नव्हती.

"साहेब, हा बद्द आहे," ठकू म्हणाली आणि खिशातून लाल खडू काढून बोल्टभोवती गोल केला.

फोरमनने वाकून स्वतः वाजवला. "मला तर चांगला वाटतोय."

"नाही हो. बद्दच आहे," ठकू म्हणाली.

फोरमनने पाना लावून जोर केला. बोल्ट पाव फेरा फिरला. तो मान हलवून दुसरा माणूस बोलावायला गेला.

बाईंनी तोंडावरचा पदर काढला. तो चावून चावून ओला झाला होता. ठकूने ते पाहिलं आणि घाबरून जवळ आली. "काय झालं? बरं वाटत नाही का?"

"तिथे पाळणाघरात माणूस हवाय हे खरं आहे," बाई म्हणाल्या. "पण मी त्यासाठी नाही आले. घरी बोलायला कुणी नाही गं. संध्याकाळ झाली की भिंतींना टिचक्या मारत बसते. तुझ्यावाचून करमत नाही मला, म्हणून न्यायला आले."

ठकूच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"आता सांगितलं ना," बाई म्हणाल्या. "आणि आता सांगते, येऊ नकोस."