ज्या रविवारी माझी दारं मध्येच लागली

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे, लाकडी दारांचा. ऐंशीच्या दशकात रिछाईच्या कारखान्यात काम करणाऱ्या पुंडलिकरावांनी मला जबलपूरच्या घरी आणलं, तेव्हा त्या हिंदी बोलणाऱ्या गल्लीत टीव्ही तो एकच, आणि मराठी घरही आमचंच एक. दर रविवारी सिनेमाला अख्खी गल्ली आमच्या सतरंजीवर. त्यांच्या पत्नी हेमलताबाई सगळ्यांना चिवडा द्यायच्या. माझा तोरा तर विचारूच नका!

माझा स्वभाव भारी चौकस. पडद्यावरची पोरं आणि समोर बसलेली पोरं मी सारखी ताडून पाहत असे. पडद्यावरचा दांडगट लांबूनच ओळखू यायचा: कॉलर वर, दातात काडी, मागे ढणढण संगीत. तो चष्मेवाल्या पोराला छळायचा, लोक खो खो हसायचे. मग नायकाने दोन ठोसे लगावले की सगळं मिटलं. समोरच्या पोरांत मला असा एकही दिसेना. खऱ्या जगात छळ नसतोच की काय?

एका सिनेमात नऊवारीतली मराठी मोलकरीण मोडकंतोडकं हिंदी बोलायची. गल्ली हसून लोळली. त्यानंतर पुंडलिकरावांच्या चौदा वर्षांच्या लेकीचं, आमच्या प्रतिमाचं बिनसलं. मैत्रिणी आल्या की ती आईला म्हणे, "मम्मी, इनके सामने हिंदी में बोलो ना." सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखे. शेवटी म्हणाली, शाळाच नको.

पुढे तसाच सिनेमा लागला. तशीच मोलकरीण, तसाच हशा. पुंडलिकराव तर मांडी थोपटून हसत होते. प्रतिमा उठली आणि तिने माझी दोन्ही दारं धाडकन लावली.

"काहून बंद केला वं?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"वर्गात सगळ्या मले 'ए बाई, पोंछा लगा' म्हणतात. या इंदूनंच सुरू केलं."

शेजारची इंदू चिवड्याची वाटी धरून पुटपुटली, "मज़ाक था, अंकल."

"मग आमाले सांगितलं काहून नाही, बेटा?"

"कोणाले सांगू, बाबा? तुमीच सगळ्यात जोरात हसून राहिले होते."

पुंडलिकरावांचा चेहरा पडला. मी दारांआड थक्क झालो. दोन वेण्यांची, गोड बोलणारी इंदू! मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी पुंडलिकराव लेकीसोबत शाळेत गेले. हळूहळू तिचं पोट दुखायचं थांबलं.

आता मी माळ्यावर असतो. मित्रांनो, माझी नवी भावंडं तुमच्या खिशात आहेत. खुशाल पाहा, खुशाल हसा. पण हसता हसता एकदा शेजारी नजर टाका. खोलीत कोण हसत नाहीये?