फुकटची दिव्यदृष्टी

बायकोच्या कानाच्या यंत्राला अठ्ठेचाळीस हजार लागणार होते आणि साठले होते एकवीस. उरलेले सत्तावीस इस्त्री करून जमवायचे तर दोन वर्षं. फोनवर पत्त्यांचा डाव सांगणाऱ्या गुरुजींच्या कृपेने तीन आठवडे. इस्त्रीवाल्याने साधी वजाबाकी केली आणि गुरुजींचा शिष्य झाला.

दुपारच्या सुट्टीत लाँड्रीतली सातही माणसं त्याच्या फोनवर ओणवी झाली होती. ऑनलाइन पोकर. प्रत्येकाला दोन झाकलेली पानं. गुरुजींनी सांगितलेल्या टेबलावर बसायचं, आपल्या पानांचा फोटो त्यांना पाठवायचा, मगच दिव्यदृष्टी उघडायची. उत्तर आलं, "टाक बाळा. समोर राण्यांची जोडी आहे."

त्याने पानं टाकून डाव सोडला. डाव संपला, समोरची पानं उघडली. दोन राण्या!

"काटा आला बघा अंगावर. माझ्या जाऊबाईही यांच्याच शिष्या," काउंटरवरची बाई म्हणाली.

"आणि दक्षिणा? छदाम घेत नाहीत!" डाग काढणारा म्हणाला.

फुकट ते पौष्टिक. गुरुजींचा उपदेशही त्यांच्याच आवाजात फुकट यायचा, "पत्ता ही माया आहे, बाळांनो. मी मायेला पाठीमागून बघतो. हरलात तर समजा, नशिबातली पीडा पैशावाटे गेली."

इस्त्रीवाल्याच्या नशिबात पीडा भरपूर निघाली. महिना उलटला तरी ती जातच होती. सुरुवातीला हरल्यावर तो उरलेले पैसे मोजायचा. आता मोजतही नसे. तो पुढचा डाव लावी आणि एकाच बाहीवरून तीनदा इस्त्री फिरवी.

बायकोला उपदेश ऐकू येत नव्हता, म्हणून ती नुसती पडद्याकडे बघत असे. रविवारी तिने बोट ठेवलं. "अहो, हे घुबडाचं चित्र कुणाचं?"

"असेल कुणी खेळणारा," तो तिच्या कानाशी म्हणाला.

"तुमच्या प्रत्येक टेबलावर कसा असतो मग? आणि मोठा डाव दर वेळी हाच कसा नेतो? तुमच्याकडे परवाच्या एक्क्यांचा फोटो आहे ना? आज तोच पाठवा."

"अगं, पाप लागेल!"

"लागू द्या. पैशापेक्षा जास्त काय नेणार ते?"

त्याच्या हातात होती दुर्री आणि सत्ती. फोटो गेला एक्क्यांचा. तोवर पैसे वाढवत बसलेल्या घुबडाने झटक्यात पानं टाकली. पुढच्या रद्दी डावाला राजांचा जुना फोटो पाठवला. घुबड पुन्हा पळालं. मग खरोखरच्या दुर्रीचा फोटो पाठवला, तर घुबडाने होतं नव्हतं ते पुढे सरकवलं.

सोमवारी त्याने सगळ्यांना हे सपाट आवाजात सांगितलं: घुबड म्हणजे गुरुजीच.

"मग त्या राण्या?" काउंटरवरच्या बाईने विचारलं.

"तुमच्या जाऊबाईंच्या. त्यांनीही फोटो पाठवला होता ना?"

बाईने जाऊबाईंना फोन लावला.

पानं पिसणारं यंत्र कदाचित सचोटीचं असेलही. पण टेबलावरचे पाचजण आपापली पानं सहाव्याला दाखवत असतील, तर त्याला दिव्यदृष्टी कशाला हवी? साधे डोळे पुरतात. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारावं, याला हे सांगितलं कुणी? बहुतेक वेळा आपणच सांगितलेलं असतं.

गुरुजींचा नंबर मंगळवारपासून लागेना. काउंटरवरच्या बाईचे नऊ हजार गेले, डाग काढणाऱ्याचे सहा.

"आपले किती उरले?" बायकोने विचारलं.

"चार हजार."

तिला ऐकू आलं नाही. मग शेजारच्या तीन घरांत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्याने तो आकडा पुन्हा सांगितला.